पातेऱ्यातला ताप

मार्च-एप्रिलमध्ये तापाचा पेशंट समोर बसला की मी आधी त्याचे पाय बघतो. पोटऱ्या, गुडघ्यामागची खोबण, मग कंबरेवर नाडीचा किंवा साडीच्या गाठीचा काचा पडतो ती रेघ, शेवटी काख. गोचीड सापडते असं नाही. बहुतेक वेळा ती रक्त पिऊन कधीच गळून पडलेली असते, आणि ती चावली हे माणसाला कळलेलंही नसतं. सापडतं ते खाजवून लाल झालेलं एखादं टिपकं, काखेत आलेलं अवधाण, तांबारलेले डोळे. तेवढं दिसलं की पुढचे प्रश्न बदलतात.

मी दक्षिण सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीला चिकटून असलेल्या भागात प्रॅक्टिस करतो. इथे तापाला हंगाम आहे. पावसात लेप्टो आणि मलेरिया, पाऊस ओसरताना डेंगी आणि स्क्रब टायफस, आणि काजूला मोहोर येऊन बी धरली की माकडताप. कॅलेंडरकडे बघून निदान करू नये हे खरं. पण कॅलेंडर न बघता केलेलं निदान मी जास्त वेळा चुकताना पाहिलंय.

एक बाई आठवतात. साठीच्या आसपासच्या. सहा दिवसांचा ताप, अंग असं दुखत होतं की खाटेवरून उठवताना त्या ओरडल्या. बरोबरच्या फायलीत विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आणि टायफॉइडची औषधं चालू. डेंगीची तपासणी निगेटिव्ह. ताप 103, नाडी मात्र 76. पांढऱ्या पेशी दोन हजारांच्या थोड्या वर, प्लेटलेट सत्तर हजार. तापाच्या मानाने मंद नाडी, घसरलेल्या पांढऱ्या पेशी, हे टायफॉइडमध्येही दिसतं, त्यामुळे कुणी टायफॉइड म्हटलं तर त्याला एकदम नावं ठेवता येत नाहीत. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, गृहिणी.

"काकी, रानात जातास?"

"रानात कित्याक जावचा? घरातच असतंय मी."

मग थोडं थांबून, "पातेरो हाडूक तेवढा जातंय. आणि बियो वेचूक."

तळकोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला सुका पाला. जानेवारीपासून बायका तो गोळा करतात, मोठमोठी ओझी बांधून डोक्यावरून आणतात, काही गोठ्यात गुरांखाली जातो, काही तरव्याची, म्हणजे भाताची रोपं पेरायची, जमीन भाजायला. त्याच दिवसांत काजूचे बोंडू गळायला लागतात. बाई कंबरेत वाकून, नाहीतर उकिडवी बसून, हाताने पाला बाजूला सारत बोंडू उचलते, पिळून बी वेगळी करते, बी टोपलीत आणि बोंडू दुसरीकडे. हे तासन् तास. या कामाला तिच्या लेखी रानात जाणं म्हणत नाहीत. ते घरच्याच कामाचं शेपूट आहे.

"आसपास माकडा मेली काय?"

"मेला मा एक. व्हाळात. वास येय होतो."

मी टॉर्च घेऊन त्यांना तोंड उघडायला सांगितलं. टाळूच्या मागच्या मऊ भागावर टाचणीच्या डोक्याएवढे पाणीदार फोड होते. हे चिन्ह प्रत्येकात दिसत नाही आणि दिसलं तरी लवकर मावळतं. पण माकडतापाच्या अगदी सुरुवातीच्या वर्णनांपासून त्याची नोंद आहे. रक्ताचा नमुना पाठवला. अहवाल येईपर्यंत माझ्या मनात शंका उरली नव्हती.

कागदावर या रोगाचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं राखीव जंगल आहे, त्यावरून. 1957 सालच्या सुरुवातीला तिथल्या गावांत दोन गोष्टी एकदम घडत होत्या. जंगलात माकडं मरत होती, काळ्या तोंडाची वानरं आणि लाल तोंडाची माकडं दोन्ही. आणि माणसांना विषमज्वरासारखा ताप येत होता. गावकऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. माझ्या मते या रोगातलं पहिलं क्लिनिकल निरीक्षण तेच, आणि ते कुठल्याही पदवीशिवाय झालं.

खबर पुण्याला पोचली. तिथे 1952 साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केलं होतं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. पुणेकर रोज आंबेडकर रस्त्यावरून तिच्यावरून जातात आणि कोविडच्या आधी बहुतेकांना ती काय करते हे ठाऊक नव्हतं. तेव्हाचे संचालक टेलफोर्ड वर्क यांच्या डोक्यात पहिली शंका आली ती भीतिदायक होती, पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पीतज्वर आला की आधी माकडं मरतात. भारतात पीतज्वर कधीच नव्हता, पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली होता. तो विषाणू इथे उतरला असता तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

मार्चअखेर पुण्याची माणसं शिमोग्यात पोचली. आजारी माकडांतून आणि माणसांतून विषाणू वेगळा केला गेला, आणि तो पीतज्वराचा निघाला नाही. त्याचे नातलग पार सैबेरियाच्या बाजूला होते, रशियन स्प्रिंग-समर एन्सेफलायटिस या गटात. हा गट गोचिडींमार्फत पसरतो. मलनाडच्या, म्हणजे शिमोग्याकडच्या डोंगरी मुलखाच्या, सदाहरित जंगलात रशियातल्या बर्फाळ अरण्यांचा भाऊबंद काय करत होता, हे कोडं पुढे बरीच वर्षं अनेकांना पुरलं.

गोचिडी गोळा कशा करतात ते सांगायला हवं, कारण त्या एका कृतीत हा सगळा रोग समजतो. फ्लॅनेलचा पांढरा कापडी तुकडा काठीला बांधायचा, झेंड्यासारखा, आणि पातेऱ्यावरून, झुडपांवरून सावकाश ओढत चालायचं. काही पावलांनी थांबून कापड उलटायचं. पांढऱ्यावर बारीक तपकिरी ठिपके हलत असतात. मोहरीहून लहान. चिमट्याने एकेक उचलून बाटलीत. यात सहा पायांच्या असतात त्या अळ्या, आठ पायांच्या छोट्या असतात त्या निम्फ. हेमाफिजालिस स्पिनिजेरा ही या रोगातली मुख्य गोचीड, आणि माणसाला विषाणू देते ती मुख्यतः तिची निम्फ. पावसानंतर अळ्या, मग हिवाळा-उन्हाळ्यात निम्फ, आणि पावसाळ्यात पूर्ण वाढलेल्या गोचिडी गुरांच्या अंगावर. म्हणून हा ताप डिसेंबर ते मे-जून. माझ्या पेशंट बाई जानेवारी ते एप्रिल काय करत होत्या? त्या कापडासारख्याच पातेऱ्यावरून फिरत होत्या, फक्त हात आणि पाय उघडे ठेवून.

माकडाची यात दुहेरी भूमिका आहे. विषाणू घुशी-उंदीर-चिचुंदऱ्या आणि गोचिडी यांच्यात गुपचूप फिरत असतो, कुणाला पत्ता न लागता. माकडाला लागण झाली की त्याच्या रक्तात विषाणूचा पूर येतो, अंगावरच्या शेकडो गोचिडी तो पितात, आणि माकड मेल्यावर त्या तिथेच जमिनीवर उतरतात. म्हणजे मेलेल्या माकडाभोवतीची जागा सगळ्यात धोक्याची. म्हणून आरोग्य खात्याची माणसं तिथे मॅलॅथिऑन हे कीटकनाशक मारतात, आणि म्हणूनच मेलेलं माकड हाताने उचलून टाकू नका असं ओरडून सांगावं लागतं. सांगणं सोपं आहे. कोकणात मेलेल्या वानराला मारुतीचं मानून रीतसर पुरणारे, त्याच्यावर फुलं घालणारे लोक आहेत. त्यांना "हात लावू नका" म्हणताना मलाच कसंसं होतं. माणसाकडून माणसाला मात्र हा ताप लागत नाही. घरच्यांनी पेशंटचं अंग पुसायला घाबरायचं कारण नाही, आणि हे मला दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत या विषाणूवर काम करणाऱ्यांना लागण झाली, अनेकांना झाली. तेव्हा आजच्यासारख्या बंदिस्त खोल्या नव्हत्या. खोर्शेद पावरी यांनी, ज्या पुढे या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या, या रोगाच्या लक्षणांचा आणि रक्तातल्या बदलांचा जो सविस्तर लेखाजोखा मांडला तो आमच्यासारख्यांना आजही उपयोगी पडतो. त्यात एक गोष्ट ठळक आहे. ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही. काही जणांत आठवडा-दोन आठवडे बरं वाटतं, आणि मग दुसरी फेरी येते. या वेळी डोकं, मान, मेंदू.

बाईंचंही तेच झालं. ताप गेला, प्लेटलेट चढल्या, घरी गेल्या. नंतर मुलगा रिक्षातून परत घेऊन आला. ताप कमी होता पण डोकं फुटत होतं, आणि हात थरथरत होते. समोर ठेवलेलं चहाचं फुलपात्र दोन्ही हातांनी धरलं तरी ओठांपर्यंत जाईपर्यंत निम्मा चहा पदरावर. बोलणं मधूनच भरकटत होतं, कुठल्यातरी जुन्या गणपतीचं काहीतरी. या रोगावर विषाणूला मारणारं खास औषध नाही. पाणी, रक्तदाब, ताप, रक्तस्राव यांवर डोळा ठेवायचा, ॲस्पिरिनसारखी औषधं टाळायची, वाट बघायची. शंभरातले तीन ते पाच दगावतात. त्या दगावल्या नाहीत. थरथर जायला मात्र बराच वेळ लागला, आणि त्या काळात त्यांच्या सुनेने एकटीने बिया वेचल्या. पूर्ण बाह्यांचा झगा आणि मोजे घालून, असं त्यांनी मला हसत सांगितलं. एप्रिलच्या उकाड्यात कोकणात मोजे घालणं काय असतं ते घालणाऱ्यालाच माहीत.

आता ते सैबेरियाचं कोडं. विषाणू रशियाकडचा, तर आला कसा? उत्तर सुचलं ते आकाशातून. हिवाळ्यात उत्तरेकडून पक्षी येतात, त्यांच्या अंगावर गोचिडी असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेला यात रस वाटला आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे, सलीम अलींकडे, काम आलं. 1959 पासून देशभरात पक्ष्यांना पकडून पायात कडी घालायचा, अंगावरच्या गोचिडी तपासायचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्यात अमेरिकन लष्कराच्या संशोधन विभागाचा पैसा आला, आणि सत्तरच्या दशकात त्यावरून वर्तमानपत्रांत आणि संसदेत जैविक युद्धाच्या संशयाचा गदारोळ उठला. सलीम अलींना त्याचा मनस्ताप झाला.

पक्ष्यांनी हा विषाणू आणल्याचा पुरावा मिळाला नाही. पण भारतात येणाऱ्या पक्ष्यांच्या वाटांबद्दल आज जे माहीत आहे त्यातला मोठा वाटा या कड्यांचा आहे. धोबी पक्षी, तुतवार, बदकं कुठून निघून कुठे पोचतात हे समजलं ते शिमोग्यातल्या तापामुळे. गृहीतक फसलं आणि तरी देशाला एक शास्त्र देऊन गेलं. असं नशीब फार कमी फसलेल्या गृहीतकांच्या वाट्याला येतं. माझे पक्षीनिरीक्षक मित्र दुर्बिणी घेऊन तिलारीच्या धरणावर येतात तेव्हा मी त्यांना हे ऐकवतो, आणि शिवाय पायजमा मोज्यात खोचायलाही लावतो. पहिल्यात त्यांना रस असतो.

मला जास्त पटतो तो होर्हे बोशेल यांचा विचार. हे कोलंबियाचे, आधी तिकडच्या जंगली पीतज्वरावर काम केलेले. साठच्या दशकात ते पुण्याच्या केंद्रासाठी शिमोग्यात होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. विषाणू बाहेरून आलेलाच असला पाहिजे असं नाही. तो तिथेच, जंगलाच्या पोटात, थोडक्या उंदीर-गोचिडींत पूर्वापार असावा. माणसाने जंगल तोडून मध्ये मध्ये शेतं आणि वस्त्या केल्या. गुरं चरायला आत सोडली. पूर्ण वाढलेल्या गोचिडींना गुरांचं रक्त अमाप मिळालं, त्यांची पैदास वाढली. तोडलेल्या कडांवर घाणेरीची गचपणं माजली, त्यात चिचुंदऱ्या आणि उंदीर, वर माकडं, खाली गुरं, मधून माणसं. जे एकमेकांपासून लांब होतं ते सगळं एका पट्ट्यात आलं. 1969 साली त्यांनी हे मांडलं.

याचा धडधडीत नमुना पुढे दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळतंगडी तालुक्यात दिसला. 1982 च्या अखेरीस तिथे जंगल साफ करून काजूची लागवड करायचं काम निघालं. माकडं मरू लागली, मग मजूर तापाने पडू लागले, आणि त्या हंगामातली साथ तोवरच्या मोठ्या साथींपैकी एक ठरली. काजूची लागवड! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं. आमच्या डोंगरांवर गेल्या काही दशकांत काय चाललंय? जंगल उतरवायचं आणि काजू, रबर, अननस लावायचा. मी लागवडीच्या विरोधात नाही. माझ्याच पेशंटांची घरं त्यावर उभी आहेत, आणि वर्षाचा रोख पैसा त्या चार महिन्यांतच दिसतो. पण डोंगर कापताना त्याच्या कडेला काय वस्तीला येतं याचा हिशेब कुठल्या प्रकल्पाच्या कागदावर मी पाहिलेला नाही.

2012 पर्यंत हा रोग जवळजवळ कर्नाटकापुरता मानला जायचा. मग बंडीपूर, निलगिरी, वायनाड अशी नावं यायला लागली. 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात काजूच्या बागांत काम करणारे लोक आजारी पडले. 2016 साली आमच्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. पुढच्या वर्षी बांदा, सावंतवाडी. गोव्यातल्या आणि इथल्या नमुन्यांवर मणिपालच्या विषाणू केंद्राने बरंच काम केलं. ते तेव्हा निदान न होणाऱ्या तापांचा माग काढण्याचा एक कार्यक्रम चालवत होते, म्हणजे कुणीतरी मुद्दाम विचारत होतं, म्हणून उत्तर मिळालं. रोग खरोखर सरकत सरकत आला, की आधीपासून इथे होता आणि आम्ही दर उन्हाळ्यात त्याला 'व्हायरल' म्हणून घरी पाठवत होतो? जुन्या लोकांना विचारा. माकडं मेल्याच्या आणि त्याच साली माणसं तापाने झुरल्याच्या आठवणी निघतात. त्याला पुरावा म्हणता येणार नाही, मीही म्हणत नाही. पण शिमोग्यात सुरुवात अशाच बोलण्यापासून झाली होती.

लशीची गोष्ट लांबवत नाही. आधी रशियन विषाणूची लस वापरून पाहिली, तिचा उपयोग झाला नाही. मग कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवून मारलेल्या खुद्द या विषाणूची लस कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली गेली. कर्नाटकातल्या 2005 ते 2010 च्या आकड्यांवरून दोन डोस घेतलेल्यांना सुमारे 62 टक्के आणि बूस्टर घेतलेल्यांना सुमारे 83 टक्के संरक्षण मिळालं. टोचल्यावर हात खूप दुखायचा, आणि एकदा दुखलेला माणूस दुसऱ्या डोसला येईना. पुढे लशीच्या ताकदीबद्दलच शंका आल्या आणि 2022 मध्ये ती देणं थांबलं. नव्या लशीवर काम चालू आहे. सध्या आमच्याकडे आहे ते अंगाला लावायचं तेल, पूर्ण बाह्या आणि कामावरून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ.

आणि एक प्रकरण, जे माझ्या डोक्यातून जात नाही. क्यासनूरचं नाव जगाला कळायच्या पाच वर्षं आधी, 1952 साली, पुण्याचं केंद्र नवं असताना तिथल्या लोकांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या माणसांचं रक्त तपासलं. कुठले कुठले विषाणू भारतात फिरत असावेत याचा अंदाज घ्यायला. तपासणाऱ्यांत स्मिथबर्न आणि कर या परदेशी नावांबरोबर गटने हेही नाव आहे. कच्छ आणि सौराष्ट्रातल्या काही रक्तांत या रशियन गटाविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. शिमोग्यापासून हजार किलोमीटरवर, कोरड्या मुलखात. तिथे माकडतापाची साथ तेव्हाही नव्हती आणि नंतरही नोंदली गेली नाही. पुढे अंदमान-निकोबारच्या लोकांच्या रक्तात क्यासनूरविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली. तिथेही साथ नाही. एखादा मवाळ चुलत विषाणू असेल, दुसऱ्याच कशाची तरी सावली तपासणीत पडली असेल, अनेक शक्यता आहेत आणि प्रयोगशाळेतली माणसं त्या माझ्यापेक्षा चांगल्या तोलू शकतात. माझी शंका साधी, ओपीडीतली आहे. कच्छमध्ये गुरं घेऊन बाभळीच्या झुडपांतून फिरणाऱ्या माणसाला ताप येतो, पांढऱ्या पेशी घसरतात, विडाल थोडीशी पॉझिटिव्ह येते. तिथल्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहितात?